खाडीत इंजिन का धरले?

मुंबईहून कल्याणकडे जाताना डोंबिवलीच्या अलीकडे कोपर नावाचे स्थानक लागते. खालून मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग जातो आणि त्याच्या डोक्यावरून दिवा-वसई मार्ग. हा वरचा मार्ग पुढे मोठागावाजवळ उल्हास नदीची खाडी ओलांडतो. गाडीत खिडकीशी बसला असाल तर पुलाखाली कांदळवन, जलपर्णीचे वाहते पुंजके आणि एखाद-दुसरी होडी तुम्ही पाहिली असेल. गेल्या हिवाळ्यात अशाच एका होडीत मी दोन विद्यार्थ्यांसह बसलो होतो. भरती-ओहोटीबरोबर खाडीच्या पाण्याची घनता कशी बदलते, ते उत्प्लावमापीने मोजायचे, असा आमचा साधा प्रकल्प होता. होडी त्यांतल्याच एका विद्यार्थ्याच्या काकांची होती.

होडीच्या मागच्या फळीवर चार-स्ट्रोकचे, दोन सिलिंडरचे, वीस अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन टांगलेले होते. अशा इंजिनाला आऊटबोर्ड म्हणतात, कारण ते होडीच्या पोटात नसते, बाहेर असते. वर इंजिन, मधून खाली जाणारा उभा दांडा आणि तळाशी पाण्यात फिरणारा पंखा, असे सगळे एकाच कवचात. नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेत वाढलेल्या ओले एव्हिनरूड याने १९०९ साली अशा इंजिनांचा व्यापारी कारखाना काढला, आणि तेव्हापासून त्याची मूळ ठेवण फारशी बदललेली नाही. काकांच्या बोलीत मात्र त्याला नुसते ‘मशीन’ म्हणतात.

तीन ठिकाणचे नमुने घेऊन झाले आणि सुकती लागली. परत निघालो तोच मशीनमधून बारीक शिटीसारखा आवाज येऊ लागला, एक तांबडा दिवा लागला, वेग आपोआप उतरला आणि दोन-तीन मिनिटांत मशीन गचके देऊन बंद पडले. काकांनी दोरी ओढली. दोरी हलेना.

“सर, मशीन धरला!” काका म्हणाले.

होडी पाण्याबरोबर रेल्वे पुलाच्या खांबांकडे सरकू लागली. काठावरच्या एका खुणेवरून मी वेगाचा अंदाज घेतला. सेकंदाला सुमारे पाऊण मीटर. पूल चारशे मीटरवर होता, म्हणजे हातात नऊ मिनिटेही नव्हती. काकांना हा हिशेब करायची गरज पडली नाही. त्यांनी तोवर नांगर टाकलाही होता.

आता माझी चूक सांगतो. अशा इंजिनाच्या मागून पाण्याची एक बारीक धार सतत बाहेर पडत असते. आतला पंप खाडीचे पाणी ओढून सिलिंडरभोवती खेळवतो, आणि ती धार म्हणजे पंप चालू असल्याची खूण. मशीन बंद पडेपर्यंत धार व्यवस्थित येत होती. म्हणून मी ठासून म्हणालो, “पाणी येत होतं ना? मग इंजिन गारच असणार. जरा जोर लावून ओढा.” भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने असे म्हणावे हे बरे नव्हे. सिलिंडर गार होता हे खरे. पण त्याच्या आतला दट्ट्या गार होता का?

याचे उत्तर देण्याआधी एक गोष्ट सांगावी लागेल, आणि ती रेल्वेचीच आहे. १८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये बोशाँ टॉवर नावाचा अभियंता रेल्वेच्या आसासारख्या फिरत्या दांड्यावर प्रयोग करत होता. दांड्यावर वरून पितळी बेअरिंग (पुस्तकी मराठीत धारवा) टेकवलेले होते आणि दांड्याचा खालचा भाग तेलात बुडालेला होता. तेल घालण्यासाठी टॉवरने बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडले. दांडा फिरू लागताच त्या भोकातून तेल उलट वर येऊ लागले. त्याने बूच मारले, ते उडाले. लाकडाची खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. शेवटी त्याने तेथे दाबमापक बसवला, तर तेलाचा दाब बेअरिंगवरच्या सरासरी दाबाच्या दुपटीहून अधिक निघाला. म्हणजे दांडा आणि बेअरिंग एकमेकांना टेकलेच नव्हते. फिरणारा दांडा स्वतःच तेल ओढून निमुळत्या फटीत कोंबत होता आणि वरचा सगळा भार त्या तेलाच्या पापुद्र्यावर तरंगत होता. तीन वर्षांनी, १८८६ साली, ऑसबर्न रेनॉल्ड्सने याचे गणित मांडले. द्रवाच्या प्रवाहाच्या धड्यात तुम्हाला भेटणारा रेनॉल्ड्स तो हाच.

आपल्या वीस अश्वशक्तीच्या मशीनमध्ये हेच घडत असते. भुजादंडाचा बेअरिंगमधला भाग ३५ मिलिमीटर व्यासाचा धरा आणि मिनिटाला ५००० फेरे घ्या. त्याच्या पृष्ठभागाचा वेग सेकंदाला नऊ मीटरांहून अधिक येतो. एवढ्या वेगाने धातूवर धातू घासला तर काही क्षणांत तो वितळू लागेल. तो तसा घासत नाही, कारण मध्ये काही मायक्रोमीटर जाडीचे तेल असते. तुमच्या डोक्यावरचा केस साधारण सत्तर मायक्रोमीटर जाड असतो, म्हणजे हा पापुद्रा केसापेक्षा कितीतरी पातळ. पण तो टिकायला दोन गोष्टी हव्यात. तेल सतत येत राहिले पाहिजे आणि त्याची विष्यंदिता, म्हणजे वाहण्याला होणारा आतला विरोध, पुरेशी राहिली पाहिजे. विष्यंदिता तापमानाबरोबर झपाट्याने घसरते. १० डब्ल्यू ३० जातीचे तेल ४० अंश सेल्सियसला जितके दाट असते, त्याच्या साधारण सहाव्या-सातव्या हिश्श्याइतके ते १०० अंशांना उरते. तेल कमी झाले की उरलेले तेलच पुन्हा पुन्हा फिरते, त्याला निवायला सवड मिळत नाही, ते तापते, पातळ होते, पापुद्रा फाटतो, घर्षण वाढते आणि तेल आणखी तापते. म्हणूनच असा बिघाड बराच काळ दिसतही नाही आणि मग अचानक दोन-तीन मिनिटांत सारे आटोपते.

तेलाचे दुसरे काम आपण बहुधा विसरतो. ते दट्ट्याला थंडही करते. पाणी फक्त सिलिंडरच्या भिंतीमागून जाते. दट्ट्यापर्यंत ते पोहोचत नाही. दट्ट्याची उष्णता कड्यांमधून आणि तेलाच्या थरामधून भिंतीकडे जाते, शिवाय खालून उडणारे तेल त्याच्या पोटाला लागून थोडी उष्णता घेऊन जाते. तेल संपले की हे दोन्ही रस्ते आक्रसतात. त्यात दट्ट्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. त्याची लांबी दर अंशाला सुमारे वीस दशलक्षांशाने वाढते. साठ मिलिमीटर व्यासाचा दट्ट्या नेहमीपेक्षा ५० अंशांनी जास्त तापला असे समजा :

६० × ०.००००२ × ५० = ०.०६ मिलिमीटर.

दट्ट्या आणि भिंत यांच्यातली मोकळीक मुळात असते मिलिमीटरच्या तीन-पाच शतांशांची. भिंतही तेवढीच तापली असती तर तीही फैलावली असती आणि मोकळीक थोडी तरी उरली असती. पण भिंतीमागे खाडीचे गार पाणी! मी ज्या धारेकडे बोट दाखवून निर्धास्त झालो होतो, तीच धार भिंत आखडून धरत होती आणि आत दट्ट्या फुगत होता. काकांनी माझे ऐकून आणखी जोर लावला असता, तर मऊ ॲल्युमिनियम भिंतीवर खरवडून बसले असते.

अर्ध्या तासाने दोरी हलली. अगदी सहज. दट्ट्या निवला, आक्रसला आणि सुटला, एवढेच. पण काकांचा चेहरा उजळला. “सुटला! चालू करू का?” होडीत राखीव तेल नव्हते. शेजारून जाणाऱ्या होडीतल्या माणसाने उपाय सुचवला की पेट्रोलमध्येच थोडे तेल मिसळा, आम्ही तसेच करतो. तो खोटे बोलत नव्हता. त्याचे मशीन दोन-स्ट्रोकचे होते. तशा इंजिनाच्या तळाशी तेलाचा साठाच नसतो. पेट्रोलबरोबर तेल आत जाते, भुजादंडाला आणि दट्ट्याला माखते आणि शेवटी जळून जाते. पन्नासास एक हे प्रमाण असेल तर दहा लिटर पेट्रोलला दोनशे मिलिलिटर तेल. चार-स्ट्रोकमध्ये पेट्रोल थेट दट्ट्याच्या डोक्यावर जाते, त्यातले तेल खाली भुजादंडाच्या बेअरिंगपर्यंत पोहोचतच नाही. तेथे पंपाने तळातले तेल दाबानेच पुरवावे लागते.

काकांच्या पुतण्याने चार-स्ट्रोकची आकृती पाठ केलेली होती. त्याने हे माझ्याआधी सांगितले. काका काही क्षण काहीच बोलले नाहीत. नवे मशीन घ्यायचे तर लाखाच्या पुढची गोष्ट, आणि घरातल्या दोन भावांचे पोट याच एका मशीनवर. चालू केले तर कदाचित धक्क्यापर्यंत पोहोचले असते. कदाचित संयोगदांडा तुटून कवच फोडून बाहेर आला असता. त्यांनी दोरी सोडून दिली आणि त्या दोन-स्ट्रोकवाल्याकडे दोर फेकला. आम्ही ओढत ओढत परतलो.

खाडीतले मशीन म्हणजे फक्त मासेमारी नव्हे, हेही येथे लक्षात घ्या. २७ जुलै २०१९ रोजी याच उल्हास नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणी यांच्यामध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती. हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढताना राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने रबरी होड्या वापरल्या. अशा होड्यांच्या मागे आऊटबोर्ड इंजिनच लावतात. पुराच्या पाण्यात मशीन धरले तर नांगर टाकून अर्धा तास वाट पाहता येत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही काकांच्या अंगणात जमलो. इंजिन मेले आहे, जखमी आहे की नुसते दमले आहे, हे ते न उघडता कितपत कळते? बरेच कळते, आणि लागणारी साधने बहुतेक शाळेच्या प्रयोगशाळेत असतात.

पहिले काम म्हणजे मशीन उभे, ओळंब्यात धरणे. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण बिघाडाचा अर्धा उलगडा येथेच झाला. काका रोज सकाळी तेलाची कांडी बघत होते आणि रोज तेल पुरेसे दिसत होते. पण ते बघत होते होडी वाळूवर ओढलेली, मशीन मागे कललेले असताना. द्रवाचा पृष्ठभाग नेहमी क्षितिजसमांतर राहतो. भांडे कलले की एका बाजूला पातळी चढते. त्यांच्या मशीनमध्ये कांडी नेमकी त्या चढत्या बाजूला होती. मशीन सरळ उभे केले आणि कांडी कोरडी निघाली.

मग तळाचा स्क्रू काढून तेल प्रयोगशाळेच्या मोजपात्रात घेतले. लिटरभर असायला हवे होते, ते तीनशे मिलिलिटरही भरले नाही. रंग काळा, वास करपलेला. दुधासारखे पांढरट असते तर आत पाणी शिरले असे समजलो असतो. तसे नव्हते. तेल पांढऱ्या फडक्यातून गाळले. फडक्यावर चमचमणारी कणी राहिली, तिच्याजवळ लोहचुंबक नेला. बहुतेक कणांनी चुंबकाकडे लक्षच दिले नाही. लोखंड-पोलादाचे कण चिकटले असते; म्हणजे भुजादंड फारसा झिजलेला नसावा. तांबूस झाक असलेले कणही दिसेनात, म्हणजे बेअरिंगचा वरचा थर जाऊन खालचा तांब्याचा थर उघडा पडलेला नव्हता. उरले ते रुपेरी, हलके कण, ॲल्युमिनियमचे. संशय दट्ट्यावर गेला. एका चुंबकाने इतके सांगावे, हे मला तरी फार आवडले.

यानंतर दोन्ही स्पार्क प्लग काढले, त्यांच्या तारा इंजिनच्या धातूला जोडून ठेवल्या (नाहीतर ठिणगी भलतीकडे उडते) आणि सिलिंडरच्या तोंडाशी दाबमापक लावून दोरी पाच-सहा वेळा ओढली. येथे एक कोडे आहे. इंजिनात हवा मूळ आकारमानाच्या नवव्या हिश्श्यात दाबली जाते असे धरा. बॉइलच्या नियमाने दाब नऊपट व्हावा. पण दाबण्याची क्रिया जलद होते, उष्णता बाहेर जायला वेळ मिळत नाही, म्हणून स्थिरोष्म सूत्र लावले तर दाब जवळजवळ बावीसपट येतो. आमच्या मापकाने एका सिलिंडरला दर चौरस सेंटिमीटरला साडेअकरा किलोग्रॅम दाखवले आणि दुसऱ्याला नऊ. बावीस का नाहीत? कारण झडप थोडी उशिरा मिटते, थोडी हवा कड्यांमधून निसटते, थोडी उष्णता भिंतीत जाते. शिवाय हाताने दोरी ओढायच्या कित्येक मशीनमध्ये ओढणे सोपे व्हावे म्हणून दाब मुद्दाम थोडा सोडून देण्याची सोय असते. म्हणून या परीक्षेत आकड्यापेक्षा तुलना महत्त्वाची. दोन सिलिंडरांत दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक दिसला की काहीतरी बिनसले आहे. आमच्याकडे तो वीस टक्क्यांवर होता.

दाब कोठून गळतो आहे? वरच्या झडपांतून की दट्ट्याच्या कड्यांतून? त्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल ओतले आणि पुन्हा दाब मोजला. तेल दट्ट्यावर पसरून कड्यांच्या फटी तात्पुरत्या बुजवते. वरच्या झडपांना त्याचा उपयोग होत नाही. मापक नऊवरून अकरावर गेला. म्हणजे झडपा चांगल्या होत्या आणि दुखणे कड्यांचे होते. (आमच्यापैकी कोणी रॉकेल ओतून आत ‘धुवून’ काढू असेही म्हणाला. ते करू नका. रॉकेल पूर्ण निघत नाही आणि नव्या तेलाला पातळ करते.)

काही ठिकाणी या टप्प्यावर नवे तेल, नवा फिल्टर घालून, मशीनचा खालचा भाग पाण्याच्या पिंपात बुडवून ते संथ चालवून पाहतात. पिंप हवेच, पाण्याविना चालवले तर पाण्याच्या पंपाचे रबरी पाते मिनिटाभरात खलास होते. पंख्याजवळ कोणी उभे राहायचे नाही आणि बंद खोलीत तर मुळीच चालवायचे नाही, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. खालून जड, ठोक्यासारखा आवाज वेगाबरोबर वाढत गेला तर बेअरिंग गेले असे समजावे आणि तेथेच थांबावे. आमच्या पुराव्यावरून चालवून पाहण्यात अर्थ नव्हता. मिस्त्रीने मशीन उघडले. एका दट्ट्याच्या अंगावर उभे ओरखडे, दोन कड्या खोबणीतच चिकटलेल्या, सिलिंडरच्या भिंतीवर ॲल्युमिनियमचा पुसट लेप. भुजादंड सूक्ष्ममापीने मोजला, तो ठीक निघाला. बेअरिंग करडे, एकसारखे. एक दट्ट्या, कड्यांचा संच, भिंतीवर हलका हात. खर्च झाला, पण मशीन वाचले.

तेल गेले कोठे, हा प्रश्न मात्र पुतण्याने सोडवला. तळाच्या स्क्रूखाली मऊ धातूचे एक वॉशर असते. स्क्रू आवळला की ते चेपून फटीत बसते. एकदा चेपले की त्याचा मऊपणा संपतो, म्हणून तेल बदलताना दर वेळी नवे घालायचे असते. काकांनी मागच्या खेपेला जुनेच वॉशर घातले होते. तेथून थेंब थेंब तेल महिनाभर खाडीत चालले होते. मशीन उभे असते त्या जागी पाण्यावर इंद्रधनुष्यासारखे रंग दिसतात, असे काकांच्या धाकट्या मुलीने अनेकदा सांगितलेही होते. ते रंग तेलाच्या पातळ थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणाऱ्या प्रकाशाच्या व्यतिकरणाचे. असा थर मिलिमीटरच्या तीन दशसहस्रांश भागाइतका पातळ असला तरी रंग दिसू लागतात. अर्धा लिटर तेल एवढे पातळ पसरले तर ते सोळाशे चौरस मीटरांहून अधिक पाणी झाकेल, म्हणजे कबड्डीची बारा मैदाने. करून पाहा हे गणित.

परवा मी कोपरला उतरून खाडीवर गेलो होतो. मशीन चालू होते. त्याच्या कवचाला काकांनी औषधाची एक छोटी बाटली आडवी बांधली आहे, अर्धी पाण्याने भरलेली, तिच्या मध्यावर रंगाची रेघ. पाणी रेघेशी जुळेपर्यंत मशीन सरळ करतात आणि मगच कांडी बाहेर काढतात.